ओल्या जंगलात एकट्यानं एक रात्र: जॅकेटच्या आधी कोरड्या जोडाचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की दिवसाचे ट्रेक भरपूर झालेत, ग्रुपबरोबर दोनतीनदा टेंटमध्ये राहून झालंय, आता पहिल्यांदाच एकट्यानं एक रात्र जंगलात काढायची आहे, जंगल दाट आहे, कायम ओलं असतं आणि पाऊस येऊन जाऊन असतो. तर वॉटरप्रूफ जॅकेट कुठलं घ्यावं, आणि रात्री भीती वाटली तर काय करावं.

जॅकेटचं सांगते, पण त्याच्या आधी दुसरं एक सांगायचंय. मी बरीच वर्षं अशा जंगलांत एकटी राहतेय आणि आजवर एकदाही पूर्ण कोरडी परत आलेली नाही. चढ चढताना आतून घाम येतो, बाहेर हवेतच एवढी ओल असते की तो घाम कापडातून बाहेर पडतच नाही, वर गळ्यातून आणि बाह्यांतून पाणी शिरतं आणि खाली गुडघ्याएवढी झुडपं पँट भिजवून टाकतात, पाऊस थांबलेला असला तरीसुद्धा. त्यामुळे भिजायचंच नाही असं ठरवून जाऊ नका. फक्त एवढंच ठरवा की रात्री अंगात घालायचा कपड्यांचा एक जोड आणि स्लीपिंग बॅग, या दोन गोष्टींना पाणी लागू द्यायचं नाही. बाकी सगळं भिजलं तरी रात्र निभावते, हे दोन भिजले तर नाही निभावत.

त्या जोडात काय असावं, तर अंगाला लागून बसणारा पूर्ण बाह्यांचा लोकरीचा नाहीतर सिंथेटिक टीशर्ट, तशीच पातळ पँट, जाड मोजे, कानटोपी. कॉटन अजिबात नको, अगदी आतला बनियनसुद्धा नको, कारण कॉटन पाणी धरून ठेवतं आणि अंगाची ऊब ओढत राहतं. आता हा जोड बांधायचा कसा ते बघा. सॅकवर जे रेनकव्हर चढवतात त्याच्यावर भरवसा ठेवू नका, पाठीच्या बाजूनं पाणी उतरतं आणि पट्ट्यांमधून आत झिरपतं. सॅकच्या आत अस्तरासारखी एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, सगळं सामान तिच्या आत, आणि तोंड पिळून दुमडून खाली दाबा. स्लीपिंग बॅग आणि कोरडा जोड त्या पिशवीच्या आत पुन्हा आपापल्या वेगळ्या ड्रायबॅगमध्ये, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या वॉटरप्रूफ पिशवीत. घरी एकदा ती ड्रायबॅग कपड्यांसकट पाण्यानं भरलेल्या बादलीत पाच मिनिटं दाबून धरा, शिवणीतून पाणी येतं का ते तिथंच कळेल.

आणि नियम असा की टेंट उभा झाल्याशिवाय, पाय पुसून आत बसल्याशिवाय हा जोड उघडायचा नाही. हा नियम मी एकदा मोडलाय म्हणून एवढं ठासून सांगतेय. संध्याकाळची वेळ होती, बारीक पाऊस, मी घामानं आतून ओली झालेले आणि थांबल्या थांबल्या गारठायला लागले, म्हटलं टेंट लावेपर्यंत जरा कोरडं घालते आणि मग बघू. जोड चढवला, टेंट पिशवीतून काढला आणि पावसाचा जोर वाढला. वीसेक मिनिटांत तो जोडही भिजला. तापमान फार काही खाली नव्हतं, आठदहा अंश असेल, पण आतल्या दाराची झिप उघडायला गेले तर तिचं ते चिमुकलं टोक चिमटीत येईना. बोटं दिसत होती, हलत पण होती, पण चिमूट होत नव्हती, शेवटी खाली वाकून ते टोक दातात धरून झिप ओढली. आत जाऊन सगळे ओले कपडे काढले, स्लीपिंग बॅग कोरडी होती तिच्यात तशीच शिरले, गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पोटाशी धरली, तेव्हा तासाभरानं कुडकुडणं कमी झालं. बॅग ओली असती तर ती रात्र फार वेगळी गेली असती.

हे जे होतं ना त्यालाच हायपोथर्मिया म्हणतात, शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जाणं, आणि लोकांचा समज असतो की हे बर्फातच होतं. तसं नाही. पाणी अंगातली उष्णता कोरड्या हवेच्या जवळपास २५ पट वेगानं ओढून घेतं, त्यामुळे पाच-दहा अंशातली ओली, वाऱ्याची रात्र पुरते. ग्रुपमध्ये असलं की कुणीतरी म्हणतं अरे तू काय बरळतोयस, तुझे हात का थरथरतायत. एकटं असताना ते कुणी सांगत नाही आणि थंडीनं आधी डोकंच मंद होतं, म्हणून स्वतःला तपासायची एक सवय लावून घ्या: अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकतो का बघा. टेकायला त्रास होत असेल तर हातातलं काम तिथंच ठेवा, कोरडं घाला, खा, गरम काहीतरी प्या. कुडकुडणं हे चांगलं लक्षण आहे, शरीर अजून लढतंय. अंग गरम न होता कुडकुडणं आपोआप थांबलं तर ते वाईट, तेव्हा थेट मदत मागायची.

आता जागा. माझ्या मते तयारीतलं अर्धं काम इथंच होतं आणि लोक सगळ्यात कमी वेळ इथंच देतात. अंधार पडायच्या दोन तास आधी पोचा, दाट झाडांखाली उजेड बाहेरच्यापेक्षा लवकर जातो. पोचल्यावर सॅक खाली टाकायच्या आधी वर बघा. वाळलेल्या फांद्या, मोडून दुसऱ्या फांदीत अडकून राहिलेल्या फांद्या, शेंडा वाळलेलं झाड, यांच्या खाली टेंट नाही लावायचा, जागा कितीही सपाट असली तरी. पाण्यानं फांद्या जड होतात आणि मग वारा नसताना पण खाली येतात. मग बुंधे बघा, बुंध्यावर फळीसारखी अळंबी वाढलेली असतील तर ते झाड आतून कुजलेलं समजा. मुळांपाशी एका बाजूची माती उचलल्यासारखी दिसत असेल, झाड एका अंगावर कललं असेल, तर तिथून झाडाच्या उंचीएवढं तरी लांब जा, भिजून भुसभुशीत झालेल्या मातीत मोठमोठी झाडं मुळांसकट आडवी होतात.

त्यानंतर पायाखालचं. टाच जोरात दाबा आणि उचला, खड्ड्यात पाणी वर आलं तर पुढं चला. आधी लोकांनी टेंट लावून लावून चोपलेली गुळगुळीत जागा मोहात पाडते, पण ती मधे खोलगट झालेली असते आणि पावसात तिचं डबकं होतं. ओढ्याकाठी मुक्काम नको, पाण्यापासून किमान ६० मीटर आणि शक्यतो चार-पाच मीटर उंचावर. ओढा कुठपर्यंत चढतो हे तिथंच लिहिलेलं असतं, झुडपांच्या फांद्यांत एकाच उंचीवर अडकलेला पालापाचोळा, काटक्या, गवताचे झुबके बघा, ती मागच्या पुराची रेघ. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात पडत असू शकतो, आणि पाणी रात्री येतं. पार तळाच्या खोलगटात पण नको, थंड हवा रात्री तिथंच साठते. उतारावरचा छोटा सपाट टप्पा मिळाला तर उत्तम, डोकं चढाच्या बाजूला करून झोपायचं.

जागेवरून आठवलं, राहायची परवानगी आहे का हे आधी बघून ठेवा. नियम देशागणिक आणि जंगलागणिक वेगळे असतात. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीनं मुक्काम करता येतो, शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र बहुतेक ठिकाणी जमीनमालकाची परवानगी लागते. राखीव जंगल असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊच नका, आणि तिथं कुठले प्राणी आहेत हेही त्यांनाच विचारा, खाणं टेंटमध्ये ठेवायचं की लांब टांगायचं हे त्यावर ठरतं.

पावसात टेंट लावायचा सराव घरी करा. आपला टेंट बाहेरचं कापड आधी उभं होणारा आहे की आतली जाळी आधी उभी होणारी, हे माहीत पाहिजे. जाळी आधी असेल तर लावता लावताच आत पाणी होतं, मग एक छोटा टार्प, म्हणजे पाणी न शिरणारं मोकळं कापड, वर ताणून त्याच्याखाली टेंट लावायचा, हा टार्प तसाही नेतेच मी, त्याच्याखाली बसून स्वयंपाक होतो आणि ओलं सामान राहतं. खाली ग्राउंडशीट घालत असाल तर तिची कड टेंटच्या बाहेर एक बोटभरसुद्धा दिसता कामा नये, बाहेर आली की कापडावरून उतरणारं पाणी ती गोळा करते आणि तुमच्या पाठीखाली आणून सोडते. नायलॉनचं कापड भिजलं की सैल पडतं, म्हणून झोपायच्या आधी बाहेर एक चक्कर मारून सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणा. चिखलात खुंट्या धरत नाहीत, जरा लांब आणि रुंद खुंट्या घ्या, तिरक्या ठोका आणि वर दगड किंवा ओंडका ठेवा.

वेंटिलेशनच्या खिडक्या पाऊस असला तरी उघड्याच ठेवायच्या. सगळं बंद केलं की तुमच्याच श्वासाची वाफ कापडाला आतून लागते आणि सकाळी टेंट गळला असं वाटतं, तो गळलेला नसतो. थंडी वाजते म्हणून स्लीपिंग बॅगमध्ये तोंड घालून श्वास घेऊ नका, बॅग आतून ओली होते.

स्लीपिंग बॅग पिसांची असेल तर जिवापाड जपा, पिसं भिजली की चिकटून गोळा होतात आणि ऊब जाते, सिंथेटिक बॅग जड असते पण ओलसर झाली तरी थोडंफार काम देते, पहिल्या वेळेला मी सिंथेटिकच सांगेन. मॅटकडे दुर्लक्ष करू नका. तुमच्या वजनानं बॅगचा खालचा भाग चेपतो, त्यामुळे जमिनीची थंडी अडवायचं काम मॅटचंच. तिच्यावर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती थंडी किती अडवते त्याचा आकडा, लिहिलेली असते, साध्या फोमच्या मॅटची साधारण २ असते, दोन मॅट एकावर एक घातल्या की बेरीज होते, मी हवेच्या मॅटखाली फोमची घालते म्हणजे हवेची फुटली तरी रात्र निघते. हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना टांगायची झोळी, ओल्या जमिनीवर छान उपाय आहे, पण त्याचं तंत्र वेगळं, पाठीखालून गार लागतं, ते आधी घराजवळ जमवा.

शेकोटीच्या भरवशावर जाऊ नका. ओल्या जंगलात जाळ लागतो, नाही असं नाही, उभं वाळलेलं लाकूड शोधायचं, जमिनीवरचं नाही, फांदी मोडताना कट्‌ आवाज आला तर आत कोरडी, मग ती फाडून आतला कोरडा गाभा काढायचा, चाकूनं त्याच्या पातळ सालपटी काढायच्या आणि काडीएवढ्या, बोटाएवढ्या, मनगटाएवढ्या अशा चढत्या क्रमानं लावायच्या. पण यात तास जातो, आणि गारठलेल्या हातांनी हे होत नाही, शिवाय बऱ्याच ठिकाणी मनाईच असते. म्हणून गॅसचा छोटा स्टोव्ह न्या आणि लायटर दोन, वेगवेगळ्या जागी. नुसत्या ब्यूटेनचा डबा शून्याच्या आसपास काम सोडतो, प्रोपेन मिसळलेला घ्या. आणि हे नीट वाचा, बंद टेंटमध्ये स्टोव्ह कधीही पेटवायचा नाही, कितीही पाऊस असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप लागल्यासारखं वाटतं आणि माणूस उठत नाही. जळते निखारे ऊब म्हणून आत घेण्याचंही तेच.

पाणी उकळून प्या, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. झोपायच्या आधी पोटभर खा, ती रात्रीची भट्टी आहे. पाय पुसून कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांसकट, दिवसभर ओल्या बुटात पांढरे पडून सुरकुतलेल्या पायांना रात्रीचे सात-आठ तास कोरडे मिळालेच पाहिजेत. जळू लागली तर मीठ, आगकाडी काही नको, तिच्या निमुळत्या तोंडाखालून नख सरकवा, सुटते, रक्त मात्र बराच वेळ वाहतं, घाबरू नका. गोचीड असेल तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही.

आता भीतीचं. ती वाटणार, मला अजूनही वाटते, रात्री दोन-तीनच्या सुमाराला जास्त. बहुतेक भीती आवाजांची असते आणि ओल्या जंगलात आवाज थांबतच नाहीत, पाऊस उघडला तरी झाडं तासभर, कधी दोन तास ठिबकत राहतात. एकदा मी असंच ऐकत पडले होते, टप्प, मग थोडं थांबून टप्प, कुणीतरी जपून पाऊल टाकतंय असंच वाटत होतं, अगदी टेंटच्या पायथ्याशी. शेवटी झिप उघडून टॉर्च मारली. हातभर अंतरावर एक रुंद पान होतं, वरून थेंब पडला की ते वाकायचं, पाणी ओतून टाकायचं आणि उसळून खालच्या वाळक्या सालीवर आपटायचं. मी ते पाचसहा वेळा बघितलं आणि मग झोप लागली. तेव्हापासून मी असंच करते, पडून अंदाज करत बसायचं नाही, एकदा उजेड टाकून बघायचं, आवाजाला नाव द्यायचं आणि झिप लावायची. मोठ्या प्राण्यांचा वावर असेल तिथं अर्थात बाहेर डोकं काढायच्या आधी आतून बोला, टाळी वाजवा, त्यांना जायला वेळ द्या. आणि पहिल्यांदाच जाताय तर उजेडातच टेंटभोवती चक्कर मारून ठेवा, कुठं ओढा, कुठं कललेलं झाड, कुठं पायवाट. माहीत असलेल्या जागेचा अंधार कमी त्रास देतो.

खरा धोका लघवीला बाहेर पडण्यात आहे. दहा पावलं गेलात, वळलात, आणि धुक्यात टेंट दिसत नाही, असं होतं, आणि मग माणूस शोधायला म्हणून चुकीच्या दिशेला चालायला लागतो. टेंटच्या आत एक छोटा दिवा लावून ठेवूनच बाहेर पडा, पावलं मोजा, बूट घाला, शिट्टी गळ्यात हवी. धुक्यात डोक्यावरची टॉर्च समोर पांढरी भिंत करते, ती काढून कमरेशी धरली की जमीन दिसते.

निघायच्या आधी एका माणसाला लिहून द्या, नुसतं तोंडी नको: कुठून आत शिरणार, साधारण कुठं मुक्काम, किती वाजता बाहेर येऊन फोन करणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्यानं कुणाला कळवायचं. ठरलेली जागा बदलली आणि रेंज असेल तर मेसेज टाका, रेंज नसेल तर जागा बदलू नका. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा आणि रात्री बॅगच्या आत अंगाजवळ, थंडीनं बॅटरी उतरते. दाट झाडीत जीपीएसचा ठिपका इकडे तिकडे सरकतो, म्हणून कागदाचा नकाशा आणि कंपास पाहिजेच. संकटाची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन शिट्ट्यांचं येतं. जिथं रेंज नाहीच अशा ठिकाणी वरचेवर जाणार असाल आणि तुमच्या देशात परवानगी असेल तर ४०६ मेगाहर्ट्‌झवर चालणारा बीकन घ्या, तो उपग्रहामार्फत शोधपथकाला कळवतो.

पहिल्या वेळेला मुक्काम रस्त्यापासून तासाभराच्या आत असू द्या आणि ती वाट आधी एकदा दिवसा चालून या. याचं कारण असं की परत फिरायचं ठरलं तर ते अंधारात, निसरड्यावरून करावं लागेल, आणि वाट माहीत असेल तरच तो निर्णय वेळेवर होतो. परत कधी फिरायचं हे घरी बसून ठरवा, तिथं नाही. माझं असं असतं: मुक्कामाला पोचायच्या आत कोरडा जोड किंवा बॅग भिजली, तर त्याच पावली परत. जोराचा वारा येणार असा अंदाज निघायच्या आधी दिसला तर जायचंच नाही, ओल्या मातीतली झाडं आणि वारा या दोघांसमोर तुमचं कुठलंच सामान कामाचं नाही. विजा सुरू झाल्या तर सगळ्यात उंच झाडापासून आणि एकट्या झाडापासून लांब, एकसारख्या बुटक्या झाडांत, बुंध्याला न टेकता बसा.

जॅकेटचं राहिलं. महागडं नाव नसलं तरी चालेल, पण टोपीला पुढं ताठ कड हवी, काखेत झिपा हव्यात वाफ सोडायला, आणि लांबी ढुंगणाच्या खालपर्यंत. बाहेरच्या कापडावर पाण्याचे मणी होऊन ओघळत नसतील, कापड गडद होऊन पाणी पीत असेल, तर नवीन घेऊ नका, आहे तेच त्याच्या खास साबणानं धुऊन पाणी झटकणारा वरचा थर पुन्हा चढवा. चढावर थोडं गार वाटेल इतपतच कपडे घालून चाला, घाम कमी येतो. वारा नसेल आणि वाट मोकळी असेल तर साधी छत्री कुठल्याही जॅकेटपेक्षा सुखाची, मी वापरते.

सकाळचं काम सगळ्यात नकोसं आहे, कालचे ओले गार कपडे पुन्हा अंगावर चढवायचे. मन म्हणेल आता काय, घरीच तर जायचंय, कोरडेच घालून चालू. नाही. पाय मुरगळून वाटेत चार तास बसायची वेळ आली तर तोच जोड लागणार आहे, म्हणून तो घडी करून ड्रायबॅगमध्ये, तोंड पिळून, मग ओले कपडे. पाच मिनिटं अंगावर काटा येतो, चालायला लागलं की जातं. ओला टेंट कोरड्या पिशवीच्या बाहेर, सॅकच्या वर बांधा. जंगलातून बाहेर पडून रेंज आली की ज्याला लिहून दिलं होतं त्याला आधी फोन, बाकीचे फोटो मेसेज नंतर. आणि टेंट त्याच दिवशी उघडून वाळत घाला, ओला गुंडाळून दोन दिवस राहिला की बुरशी धरते, आणि तो वास मग कितीही धुतलं तरी जात नाही.